‘अजून एकट्याने नको’ : उड्डाण-प्रशिक्षणातील शेऱ्यांचा अर्थ

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हा भरले, त्या आठवड्यातील गोष्ट आहे. आर्णी तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी पालक आमच्या कार्यालयात आले. त्यांची मुलगी पाचवी ते दहावी आपल्या शाळेत राहून शिकली. पुढे बारावी विज्ञान झाल्यावर शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज आणि नातेवाइकांची मदत यांची सांगड घालून ती वैमानिकाच्या प्रशिक्षणास गेली. पालकांनी खिशातून मोबाईल काढून आमच्या पुढ्यात ठेवला. त्यात मुलीच्या प्रगती-नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे होती. छापील इंग्रजी तक्ते, आणि प्रत्येक तक्त्याखाली प्रशिक्षकाच्या हस्ताक्षरातील दोन-तीन ओळी. त्यांपैकी लागोपाठ तीन पानांवर एकाच अर्थाचा शेरा होता : एकल उड्डाणास अद्याप तयार नाही.

“सर, पोरगी नापास झाली का जी?” त्यांनी विचारले. आणि थोडे थांबून, “तिले वापस आणू का?”

खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांलाही उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही शाळेची गुणपत्रिका वाचणारी माणसे. त्या पानांवर ना गुण होते, ना श्रेणीची बेरीज. पुढील काही दिवसांत आम्ही तिच्या प्रशिक्षकांशी दूरध्वनीवर बोललो, हवाई दलात नोकरी केलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावून ती पाने त्याच्याकडून समजावून घेतली, आणि आमचे अज्ञान थोडे दूर झाले. असा प्रश्न यापुढे आणखी पालकांना पडणार आहे, म्हणून जे समजले ते येथे मांडत आहोत.

पडणार आहे असे म्हणतो, कारण विमान आता आपल्या भागापासून पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय पातळीवरील उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. शेजारच्या अमरावतीत बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तेथेच वर्षाला १८० वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. यवतमाळजवळ भारी येथे आपलीही धावपट्टी आहे. जे जवळ दिसते ते मुलांना हवेसे वाटते. पण जवळ दिसणे आणि आवाक्यात असणे यांतले अंतर पालकांनी आधी ओळखले पाहिजे.

प्रथम मार्ग कसा आहे ते थोडक्यात पाहू. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर विद्यार्थी वैमानिकाचा परवाना आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा घेते; प्रत्येकात ७० टक्के गुण आवश्यक. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा वेगळी. आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे किमान २०० तास. त्यांतील १०० तास विमानाचे प्रमुख म्हणून. त्यांतही २० तास लांबच्या प्रवासाचे, ज्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला एक प्रवास असावा लागतो. काही तास रात्रीचे, काही केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचे. हे सारे आठ-दहा महिन्यांत होऊ शकते, दोन-अडीच वर्षेही लागू शकतात. विमाने किती, प्रशिक्षक किती, पाऊस आणि धुके किती यांवर ते ठरते.

एक गोष्ट मात्र पैसा भरण्याच्या आधीची, आणि ती आम्ही ठळकपणे सांगू इच्छितो. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी सर्वप्रथम करून घ्यावी. आधी ‘वर्ग २’, नंतर ‘वर्ग १’. रंग ओळखण्यातील दोष किंवा हृदयाची एखादी तक्रार तेथे उघड होते. एकूण खर्च आजकाल चाळीस ते साठ लाखांच्या घरात जातो. शेताचा सौदा झाल्यावर, फी भरल्यावर, मग तपासणीत अडचण निघावी यासारखे दुर्दैव नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम समाविष्ट आहे. परंतु ती रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर किती, हे समाजकल्याण कार्यालयात बसून कागदावर मांडून घ्यावे. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे की नाही हेही माहितीपत्रकावर विसंबून न राहता महासंचालनालयाच्या यादीत पाहावे.

आता मूळ विषयाकडे येऊ. प्रशिक्षणातील प्रत्येक उड्डाणाचे तीन भाग असतात. उड्डाणापूर्वी प्रशिक्षक फळ्यावर आजचा पाठ समजावून देतो. मग विमानात शेजारी बसून तो दाखवितो आणि करवून घेतो. आणि उतरल्यावर, घाम वाळण्यापूर्वीच, काय झाले याची चर्चा होते. ही तिसरी पायरी म्हणजेच शेरा. तो नोंदवहीत लिहिला जातो आणि त्याखाली विद्यार्थ्याची सही असते. पुढच्या दिवशी दुसरा प्रशिक्षक विमानात बसला तरी ती पाने वाचून त्याला कळते की या मुलीचे काय पक्के आहे आणि काय कच्चे आहे. थोडक्यात, शेरा हा विद्यार्थ्याच्या योग्यतेचा निवाडा नसून पुढच्या तासाचे टाचण आहे. आमच्या पालकांना तो निकाल वाटला, आणि आम्हांलाही तसाच वाटला होता.

ही पद्धत मुळापासून अशी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात नव्या वैमानिकांना धोक्याच्या स्थितींपासून केवळ दूर राहण्यास सांगितले जाई. त्या स्थितीत सापडलेल्याला बाहेर कसे पडावे हे ठाऊक नसे, आणि शत्रूशी गाठ पडण्याआधी प्रशिक्षणातच अनेक तरुण प्राणास मुकत. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी ही रीत उलटविली. विद्यार्थ्याला प्रशिक्षकासोबत मुद्दाम त्या धोक्याच्या स्थितीत न्यावयाचे, ती का उद्भवते हे सांगावयाचे आणि त्यातून सुटण्याचा सराव द्यावयाचा. इंजिनाच्या गोंगाटात प्रशिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोचावा म्हणून बोलण्याची एक नळी वापरात आली; ती ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ म्हणून ओळखली जाते. चूक होऊ न देणे हा उद्देश मागे पडला. चूक दिसणे, तिचे कारण कळणे आणि ती सावरता येणे हा पुढे आला. आजचे उड्डाण-शिक्षण त्याच पायावर उभे आहे.

उदाहरणार्थ ‘स्टॉल’ घ्या. विमान स्टॉल झाले म्हणजे इंजिन बंद पडले असा आपला समज असतो. प्रत्यक्षात इंजिन व्यवस्थित चालू असते. पंख वाऱ्याला प्रमाणाबाहेर तिरपा झाला की त्यावरून वाहणारी हवा विस्कटते आणि उचलून धरण्याची त्याची शक्ती एकाएकी घटते. नाक खाली जाऊ लागते, आणि माणसाची सहजप्रवृत्ती ते वर ओढण्याची असते. नेमके तेच घातक. नाक किंचित खाली जाऊ द्यावे, वेग येऊ द्यावा, इंजिनाची ताकद वाढवावी, मग वर यावे. सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध वागावयास शिकणे एका दिवसाचे काम नव्हे. म्हणून हा पाठ पुरेशा उंचीवर पुनःपुन्हा होतो, आणि त्या पानांवरही ‘पुन्हा घ्यावा’ असा शेरा सर्रास दिसतो.

पालकांनी आणलेल्या पानांवरील पहिला शेरा उतरण्याविषयी होता. विमान धावपट्टीभोवती आयताकृती फेरी मारते. तिला सर्किट म्हणतात. साधारणतः जमिनीपासून हजार फूट उंचीवर ही फेरी असते, आणि सहा-सात मिनिटांत एक उड्डाण व एक उतरणे होते. एकल उड्डाणापूर्वीचे बरेच तास या फेऱ्यांतच जातात. सेसना १७२ सारखे छोटे विमान शेवटच्या टप्प्यात सुमारे ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने खाली येते. जमीन अगदी जवळ आली की नाक हळूहळू उचलून तो उतार सपाट करावयाचा आणि वेग मरू द्यावयाचा. उशीर झाला तर विमान आपटते. घाई झाली तर ते पुन्हा वर तरंगते आणि मग धप्पकन बसते. हा क्षण ओळखण्यासाठी नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे लागते. नवशिका मात्र नाकासमोरच्या जमिनीकडे पाहतो. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे पाहणारे पोर जसे पडते, तसेच हे. ‘उशिरा सपाट करते’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की तिची नजर अजून जवळ अडकली आहे.

दुसरा शेरा होता ‘वेगाच्या मागे धावते’. वेगदर्शकाचा काटा कमी-जास्त झाला की ती लगेच नाक वर-खाली करी. पण काटा क्षणभर उशिरा सांगतो. तो हलेपर्यंत विमान पुढच्या स्थितीत गेलेले असते, म्हणून दुरुस्तीवर दुरुस्ती होत राहते. खरी रीत अशी की क्षितिजाशी नाकाचा कोन ठरवावा, तो स्थिर धरावा, वाट पाहावी, मग काट्याकडे पाहावे. वाट पाहणे हेही येथे शिकवावे लागते.

विदर्भातील हवेने यात भर घातलेली असते. तापलेली हवा विरळ असते. यवतमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की येथील हवा पंखाला आणि इंजिनाला सुमारे १,६४० मीटर उंचीवरच्या हवेसारखी भासते. म्हणजे विमान जणू कळसूबाईच्या शिखरावरून उडू पाहते. धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो, आणि काळ्या रानातून उठणारे ऊन हवेचे झोत विमानाला हेलकावे देतात. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे होतो. उन्हाळ्यात कोणाची प्रगती मंदावलेली दिसली तर महिना कोणता, हेही पाहावे.

पुढच्या टप्प्यात दिशेची परीक्षा असते. नागपूरहून यवतमाळ सरळ रेषेत सुमारे ६७ सागरी मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आत. १०० नॉट वेगाने चाळीस मिनिटांचे अंतर. वैमानिकांचा एक सोपा हिशेब आहे : साठ मैलांत एका अंशाची चूक झाली तर एक मैल बाजूला. पाच अंशांची चूक झाली तर चाळीस मिनिटांनी यवतमाळ खाली नसते, ते सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहते. खाली नुसती कपाशीची शेते दिसतात, आणि एक शेत दुसऱ्यासारखेच. म्हणून वर्धा नदी किती वाजता ओलांडली, कळंब कोणत्या बाजूला राहिले, हे घड्याळ पाहून कागदावर लिहीत जावे लागते. चूक झाली असे मान्य करण्याची वेळ जितकी लवकर येईल तितकी दुरुस्ती लहान.

येथपर्यंतचे शेरे तंत्राचे होते आणि तंत्र सरावाने येते. कोणाला पंधरा तासांत एकल उड्डाण मिळते, कोणाला तीस तासांत. पुढे दोघांच्या परवान्यात काही फरक नसतो. आम्हांला झोप लागू दिली नाही ती तिसऱ्या पानावरील एका ओळीने. तिचा मराठीत अर्थ असा : शंका असताना विचारत नाही.

प्रशिक्षक दूरध्वनीवर म्हणाले की मुलीचा हात चांगला आहे, मेहनत उत्तम आहे. परंतु ‘समजले का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘होय सर’. आणि विमान वर गेल्यावर तेच चुकते. “ती मला घाबरत नाही,” ते म्हणाले, “तिला वाटते, न समजणे हा तिचा अपमान आहे.” अशा विद्यार्थ्याला एकटे पाठविणे त्यांना धोक्याचे वाटत होते, उतरणे थोडे आपटले तरी चालेल, पण गोंधळ झाला असताना तो न सांगणारी व्यक्ती विमानात एकटी नको.

ती सवय कोठून आली हे आम्हांला शोधावे लागले नाही. पहाटेची घंटा, रांग, परिपाठ, अभ्यासिका; आमच्या शिस्तीचा आम्हांला अभिमान आहे आणि तो अगदी अनाठायी नाही. पण वर्गात पुन्हा विचारणाऱ्या मुलाला आम्ही कितीदा ‘लक्ष कुठे होते?’ असे म्हटले असेल! गप्प बसणारी मुले शहाणी, अशी नोंद आमच्या मनात होती. घरी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारू दिले नाही, त्यांच्या मुलांना शाळेतही आम्ही विचारू दिले नाही, आणि त्याला शिस्त म्हटले. हे स्मरणिकेत लिहावे की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. लिहावे असे ठरले.

कारण आकाशात या सवयीची किंमत फार मोठी आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफ येथे धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मरण पावली. एका विमानाने परवानगी मिळण्यापूर्वीच धाव घेतली होती. समोरचे विमान अजून धावपट्टीवर आहे की काय, अशी शंका त्याच्या उड्डाण-अभियंत्याने बोलून दाखविली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली आणि पुढे कोणी आग्रह धरला नाही. आपल्या देशात २२ मे २०१० रोजी मंगळूरला झालेल्या अपघातात १५८ जणांचा मृत्यू झाला. तेथेही सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, आणि कप्तानाने ते ऐकले नव्हते. अशा अपघातांतून विमान क्षेत्राने धडा घेतला. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलावी आणि ज्येष्ठाने ती ऐकावी, याचे आता वैमानिकांना रीतसर प्रशिक्षण दिले जाते.

रेडिओवर तर न समजल्याचे सांगण्यासाठी ठरलेले शब्दच आहेत : ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा. ते उच्चारण्यात कमीपणा नाही. न उच्चारणे हा दोष. नियंत्रकाने दिलेली धावपट्टी, उतरण्याची परवानगी, उंचीमापकाचा आकडा हे सारे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवावे लागते. ‘होय सर’ हे उत्तर तेथे चालत नाही. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना या इंग्रजीची धास्ती वाटते. पण ही भाषा कादंबरीची नव्हे. तिचे शब्द मोजके आणि ठरीव आहेत, आणि खोलीत मैत्रिणीला नियंत्रक करून महिनाभर मोठ्याने सराव केला तर जीभ वळते.

आम्ही त्या पालकांना सांगितले की मुलगी नापास झालेली नाही, तिला परत आणू नका. मुलीशी बोललो तेव्हा आमच्याकडून झालेली चूकही तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “सर, मला वाटायचं मी विचारलं तर ते म्हणतील, कुठून आली ही.” त्यानंतर तिने एक वही केली. प्रत्येक उड्डाणापूर्वी तीन प्रश्न लिहावयाचे आणि ते प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय विमानात बसावयाचे नाही. प्रशिक्षकांनीही आपला प्रश्न बदलला. ‘समजले का?’ याऐवजी ते ‘आता तू मला समजावून सांग’ असे म्हणू लागले. हा बदल आम्ही जूनपासून आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला उचलला आहे. पहिले काही दिवस वर्ग नुसता शांत राहिला.

नोंदवही कशी वाचावी असे इतर पालक विचारतात. आमचे मत असे की बारीकसारीक दोष दाखविणारे पान पाहून घाबरू नये. महिनाभर नुसते ‘ठीक’, ‘ठीक’ लिहिलेले पान दिसले तर मात्र संस्थेत जाऊन प्रशिक्षकांना भेटावे. तेथे कोणी नीट पाहत नसण्याची शक्यता अधिक. आणि उतरणे जमत नाही असे पाहून विद्यार्थ्याने स्वतःच ते सोडून दिले, पुन्हा वर गेला, अशी नोंद असेल तर ती प्रगती समजावी. त्या मुलीला एकल उड्डाणाची परवानगी मिळाली ती अशाच एका सकाळी. शेवटच्या टप्प्यात वेग जास्त झाला होता. प्रशिक्षक काही बोलण्याआधी तिने थ्रॉटल पुढे केले आणि ‘गो-अराउंड’ असे रेडिओवर सांगितले. पुढची फेरी नीट झाल्यावर प्रशिक्षक विमानातून उतरले, दार लावले आणि तिला एकटीला जाण्यास सांगितले.

एक फेरी, सहा-सात मिनिटे. उतरल्यावर रिवाजाप्रमाणे सहविद्यार्थ्यांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतले. त्याचे छायाचित्र तिच्या वडिलांनी आम्हांला पाठविले, आणि मागोमाग नोंदवहीचे पानही. त्यावर लिहिले होते : पहिले एकल उड्डाण समाधानकारक. शेवटच्या टप्प्यात थोडी उंच. पुढील पाठ, आडव्या वाऱ्यात उतरणे.